घट्टपुडीचा डबा

सात मेच्या सकाळी लगदाकाकांनी सायकल सहलीच्या कचेरीत सोळा हजार चारशे पन्नास भरले. खिडकीपलीकडच्या मुलीने पैसे मोजून घेतले आणि प्रकृतीची चौकशी सुरू केली. रक्तदाब आहे का, गुडघे दुखतात का, रोजचे काम बसून की उभ्याने?

"उभ्यानं," काका म्हणाले.

"उभ्यानं कसलं?" रांगेत मागे असलेले त्यांचे व्याही हसले. "अहो मॅडम, हे टेलिव्हिजनच्या निर्मिती विभागात आहेत. लोक ह्यांच्यापुढे उभे राहतात."

मुलीने आदराने मान हलवली. काकांनी दोन्ही हात खिशात घातले. नखांच्या कडांना कालचा हिरवा रंग अजून होता.

खरे तर दिवसभर काकाच उभे असत, आणि त्यांच्यापुढे असे ते फक्त पातेले.

टेलिव्हिजनवर दर आठवड्याला मुलांचा एक खेळ लागतो. दोन शाळांचे दोन संघ, मधोमध एक गळेपडू सूत्रधार. उत्तर चुकले की मुलाच्या डोक्यावरची बादली उलटते, आणि शेवटी सगळी पोरे पिवळ्या लगद्याच्या हौदात उड्या टाकून झेंडे शोधतात. त्या बादल्या आणि तो हौद भरण्याचे काम गेली चोवीस वर्षे काकांकडे होते. स्टुडिओच्या मागच्या अंगाला, जनरेटरच्या खोलीला लागून, त्यांची लांबट खोली. दोन शेगड्या, चार मोठी पातेली, भिंतीला टांगलेला वल्ह्याएवढा लाकडी ढवळणा आणि फळीवर एकसारखे पत्र्याचे डबे. त्यांत मक्याचे पीठ, खाण्याचे रंग आणि घट्टपूड. घट्टपूड हे नाव काकांनीच पाडलेले. चार चमचे पांढरी पूड बादलीभर पाण्याचा लगदा करते. मात्र ती नुसती टाकली तर गाठी होतात, म्हणून काका ती आधीच पिठीसाखरेत कालवून ठेवत. पोराच्या तोंडात गेलीच तर गोड लागावी, हाही एक हेतू. बादली वर चढवण्यापूर्वी ते तिच्यात कोपर बुडवून बघत, जसे तान्ह्या मुलाच्या अंघोळीचे पाणी बघतात. एकाही मुलाच्या डोक्यावर त्यांनी कधी गार किंवा गाठींचा लगदा पडू दिला नव्हता. खेळातली मुले त्यांना लगदाकाका म्हणत, आणि खऱ्या नावाने हाक मारणारे स्टुडिओत कोणी उरले नव्हते.

पण हे काम चार लोकांत सांगायचे कसे? बायकोने स्वतःपुरता तोडगा काढला होता. कोणी विचारले की ती "स्टुडिओत असतात" म्हणे आणि लगेच समोरच्याच्या मुलांची चौकशी करी. मुलीला ते जमले नाही. शाळेत असताना एकदा वर्गातल्या पोरींनी तिला, "तुझे बाबा कसला पगार घेतात, घाण करायचा ना?" असे विचारले होते. ती घरी येऊन जेवली नव्हती. पुढे तिचे लग्न ठरले तेव्हा तिने सासरी परस्पर सांगून टाकले की बाबा निर्मिती विभागात आहेत.

"ह्यात खोटं काही नाही बाबा," ती म्हणाली होती. "तुम्ही निर्मितीच करता. कशाची, ते त्यांनी विचारलेलं नाही. एवढं एक सांभाळा. बाकी मी काही मागत नाही तुमच्याकडे."

काकांनी सांभाळले. व्याही गप्पिष्ट माणूस, त्यामुळे सांभाळणे सोपे नव्हते. ते विमा कंपनीतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले, आणि निवृत्तीनंतर सायकलीने त्यांना झपाटले होते. डोंगरांतल्या उंच खिंडीपर्यंत सायकलवर चढून जायचे, एवढेच आता त्यांच्या मनात होते. एकट्याने जायला विहीणबाई परवानगी देईनात, म्हणून त्यांनी काकांना ओढले. काका सायकल चालवत ती घरापासून स्टुडिओपर्यंत. पण मुलीच्या सासऱ्यांना नाही कसे म्हणायचे?

सहलीत सातजण होते. व्याही आणि काका, दात काढणाऱ्या एक डॉक्टरीणबाई, कापड दुकानाचे तिघे भाऊ आणि सर्वांत पुढे ताई. ही ताई सहलीची म्होरकी. वयाने काकांच्या मुलीएवढी, पण सूचना अशा देई की कापडवाले भाऊही निमूट ऐकत. मागून सामानाची गाडी येई. गाडीवाला पन्नाशीचा, कमी बोलणारा. रोज सकाळी तो सायकलींच्या साखळ्यांना तेल घाली, हवा तपासी आणि पिण्याच्या बाटल्या पिंपातल्या पाण्याने भरून ज्याच्या त्याच्या सायकलीला अडकवी.

पहिले दोन दिवस बरे गेले. रस्ता नदीच्या कडेने वर चढत होता. उतारावर मेंढ्या दगडांसारख्या दिसत आणि जवळ गेले की चालू लागत. काकांची बैठक पार सोलवटून निघाली होती, ते उशी घेऊन जेवायला बसत. व्याही म्हणत, "व्याहीबुवा, खुर्चीची सवय, दुसरं काय. एसीत बसून हुकूम सोडणाऱ्याला खोगीर टोचणारच." सगळे हसत. काकाही हसत, आणि हसून झाले की त्यांना स्वतःचाच राग येई.

दुसऱ्या दिवशी दुपारी व्याह्यांच्या पोटरीत गोळा आला. रस्त्याच्या कडेला आडवे होऊन ते कण्हत राहिले आणि डॉक्टरीणबाईंनी त्यांचा पाय धरून ताणला.

"नुसतं पाणी पिऊन चढता, मग काय होणार?" बाई म्हणाल्या. "मीठ-साखर पोटात जायला हवी. आणि दात सोडून दुसऱ्या दुखण्याचं मला काही विचारू नका."

उद्याच खिंड होती. व्याही रात्री जेवताना नेहमीसारखे बोलले नाहीत. एकदाच म्हणाले, "उद्या पाय दगा देऊ नये एवढंच."

काकांजवळ उपाय होता. घरून निघताना त्यांनी साखर, मीठ आणि लिंबाची पूड प्रमाणात मिसळून एक डबा आणला होता. मिसळणे हा त्यांचा हातचा मळ. पण डबा सर्वांसमोर काढला तर व्याही लगेच विचारणार, हे तुम्हाला कुठून येतं, कोणत्या खात्यात करतात असलं? एका प्रश्नातून दुसरा निघाला असता. काकांनी ठरवले की कोणाला न सांगता काम करावे. पहाटे ते सर्वांच्या आधी उठले. गाडीवाल्याने बाटल्या भरून सायकलींना लावल्या होत्या आणि तो आत चहा घेत होता. काकांनी आपल्या थैलीतून डबा काढला, बोटाने चिमूट जिभेवर ठेवली. गोड. प्रत्येक बाटलीत त्यांनी दोन-दोन चमचे टाकले, झाकणे लावली, हलवली आणि बागेत फेरी मारून आल्यासारखे आत गेले.

थैली मात्र त्यांची रोजची, स्टुडिओत न्यायची होती. तीत वर्षानुवर्षे एक डबा असेच. दिव्यांच्या उष्णतेने ऐन वेळी लगदा पातळ झाला तर हाताशी असावा म्हणून. तो त्यांनी बाहेर काढायचा राहून गेला होता, आणि दोन्ही डबे स्टुडिओच्या फळीवरचे, एकसारखे.

खिंडीचा रस्ता वळणावळणांनी चढत होता. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला खाली इतके खोल की सकाळी सोडलेले विश्रामगृह काड्यापेटीएवढे दिसत होते. ऊन चढले. सकाळच्या गारव्यात बाटलीला कोणी हात लावला नव्हता. व्याही आघाडीवर होते आणि आज पाय झकास चालत होता. काका त्यांच्या मागे दहा हातांवर, जीभ बाहेर काढून.

एका वळणावर व्याह्यांनी सायकल न थांबवता बाटली काढली, तोंडाला लावली आणि दाबली. काही आले नाही. पुन्हा दाबली. मग ते थांबले, एक पाय टेकवला, झाकण काढले, मान मागे टाकली आणि बाटली तोंडावर उपडी करून तिच्या बुडावर थाप मारली.

आतला सगळा ऐवज एका दमात बाहेर आला. तो कपाळावर आदळला, डोळ्यांवरून, नाकावरून सावकाश ओघळला आणि हनुवटीवरून छातीपर्यंत एक जाड, अखंड, चकचकीत दोरी लोंबत राहिली.

काकांनी ती दोरी पाहिली आणि ओळखली. आईला जसे आपले मूल पाठमोरे ओळखू येते तसे. गाठ एकही नाही, पहिला विचार हा आला. लगेच त्यांच्या कानशिलांपर्यंत रक्त चढले. एवढ्या फजितीतही आपल्याला आधी कौतुक सुचले, ह्याची लाज त्यांना पुढे कितीतरी दिवस पुरली.

"हे काय आहे?" व्याही डोळे मिटून विचारत होते. "कोणी तरी सांगा, हे काय आहे?"

मागून कापडवाले भाऊ आले. त्यांच्याही बाटल्या तशाच. थोरल्याने बाटली उलटी धरली तर लगदा अर्ध्यावर येऊन पुन्हा आत गेला. धाकटा हसू लागला आणि थोरल्याने डोळे वटारल्यावर थांबला. डॉक्टरीणबाईंनी वास घेतला. ताईने शिटी वाजवून गाडी बोलावली.

"मामा, पाण्यात काय घातलंत?"

"पाणी घातलं," गाडीवाला म्हणाला.

"थट्टा करायची वेळ नाही ही. पिंप कशानं धुतलं?"

"पिंप पाण्यानंच धुतो, ताई. विश्रामगृहातल्याच नळाचं पाणी भरलं. सकाळी मीही तेच प्यालो."

"मग बाटल्यांत हे आभाळातून पडलं?" व्याही बोलले. त्यांच्या भुवया चिकटल्या होत्या, त्यामुळे ते अधिकच रागावलेले दिसत होते. "साबणाची पावडर असणार. उद्या कोणाच्या पोटात गेलं असतं तर? आमचे व्याही टेलिव्हिजनमध्ये आहेत, मनात आणलं तर चारचौघांत तुमची अब्रू जाईल. काय हो?"

सगळ्यांनी काकांकडे पाहिले. गाडीवाल्यानेही पाहिले. एक वाक्य बोलायचे होते. पण त्या वाक्याला लागून दुसरे होते, कसली पूड, आणि त्याला लागून तिसरे, ती तुमच्याजवळ कशी. तिसऱ्यापाशी मुलगी उभी होती.

"जाऊ द्या," काका म्हणाले. "उन्हात कशाला वाद."

त्यांचे हे बोलणे सर्वांना मोठ्या मनाचे वाटले. ताईने पिंपातले पाणी संशयापोटी रस्त्यावर ओतायला लावले. ते वळणावरून खाली वाहत गेले, स्वच्छ, खळखळ. पाण्यावाचून पुढे चढणे शक्य नव्हते. सायकली गाडीवर चढवल्या आणि सगळे माघारी फिरले. व्याही खिडकीशी बसले होते. गाडी वळणे उतरू लागली तसे ते मान वळवून खिंडीकडे पाहत राहिले, ती कड्याआड जाईपर्यंत. मग त्यांनी डोळे पुसले. चिकटपणामुळे असेल.

संध्याकाळी विश्रामगृहाच्या जेवणाच्या खोलीत टेलिव्हिजन चालू होता. मालकिणीची दोन नातवंडे पुढ्यात बसली होती आणि पडद्यावर नेमका तोच खेळ. प्रश्न चुकला, बादली उलटली, पोरे किंचाळली.

"हेच," व्याही सूपचा चमचा रोखून म्हणाले. "अगदी हेच माझ्या तोंडावर पडलं."

कापडवाल्यांचा धाकटा आता मोकळेपणी हसला. "साहेब, मग तुमचं उत्तर चुकलं असणार."

व्याहीही हसले. मग मान हलवून म्हणाले, "पण काय माणसं असतील हो ही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांच्या डोक्यावर घाण ओतायची. घरी काय सांगत असतील?" ते काकांकडे वळले. "तुमच्याकडचाच ना हा कार्यक्रम? तुम्ही ओळखत असाल कोणाला."

"तोंडओळख आहे," काका म्हणाले आणि भाकरी चावत राहिले.

ताई तेवढ्यात बाहेरून आली. तिने कचेरीला फोन केला होता. उद्या दुपारी दुसरी गाडी, दुसरा माणूस. पाण्याच्या ह्या प्रकारामुळे ह्या गाडीवाल्याला पुन्हा कामावर घेणार नाहीत.

"योग्य केलंत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

काका पाणी पिण्याच्या निमित्ताने उठले आणि मागच्या अंगणात गेले. गाडीवाला नळाखाली बाटल्या घासत होता. पाणी जितके लागे तितका लगदा बुळबुळीत होई. हात घसरून एक बाटली फरशीवर पडली आणि तिला तडा गेला.

"मीठ लावा," काका म्हणाले. "आधी मीठ, मग कोमट पाणी. नुसत्या पाण्यानं फुगत जातं ते."

गाडीवाल्याने आत जाऊन मीठ आणले. बाटलीत टाकून हलवले. लगदा सुटला, पाण्यासारखा वाहून गेला. त्याने रिकामी बाटली उजेडात धरून पाहिली. मग काकांकडे पाहिले, काकांच्या चेहऱ्याकडे आणि हातांकडे.

"तुम्हाला कसं ठाऊक?"

काकांनी सांगितले. दोन डबे, गोड लागलेली चिमूट, जनरेटरजवळची खोली, सगळे. एवढे सलग ते कितीतरी वर्षांत बोलले नव्हते. बोलून झाल्यावर त्यांना हलके वाटले, आणि हलके वाटण्याचा आपल्याला काय अधिकार, असेही वाटले.

गाडीवाल्याने पुढची बाटली घेतली. "हे मला सांगून काय उपयोग? मी पाणीच भरलं हे मला ठाऊकच होतं. आत सांगा."

"सांगतो. उद्या सकाळी सांगतो."

"सकाळी," गाडीवाला म्हणाला. त्याने बाटलीत मीठ टाकले.

काका आत गेले नाहीत. आतून हसण्याचे आवाज येत होते, व्याही खुशीत होते, आणि ह्या क्षणी नको, असे त्यांनी स्वतःला समजावले. ते खोलीत जाऊन पडले. मुलीला फोन करावा, आधी तिला विचारावे, असे मनात आले. पण विचारले तर ती काय म्हणेल हे माहीत होते, आणि ती तसे म्हणाली असती तर त्यांना बरेच वाटले असते. म्हणून त्यांनी फोन केला नाही. दिवसभरात त्यांच्या हातून झालेली ती एकच धड गोष्ट.

सकाळी सगळे चहाला बसल्यावर काका उभे राहिले. दोन्ही डबे त्यांनी टेबलावर ठेवले.

"बाटल्यांत पूड मी टाकली होती," ते म्हणाले. "गाडीवाल्यांचा काही संबंध नाही."

"तुम्ही?" व्याही म्हणाले. "कसली पूड?"

"काल टेलिव्हिजनवर पाहिलीत ती. मुलांच्या डोक्यावर ओततात. मीठ-साखरेची टाकायला गेलो, डबा चुकला."

"पण ती तुमच्याकडे कशी?"

"मी करतो ती. माझं कामच ते आहे. काल तुम्ही विचारलंत, घरी काय सांगत असतील. घरी निर्मिती विभाग सांगतात."

कापडवाल्यांच्या धाकट्याला पुन्हा हसू येऊ पाहत होते, पण ह्या वेळी त्याने स्वतःच गिळले. व्याह्यांचा चेहरा हळूहळू लाल होत गेला, कालच्यासारखा रागाने नव्हे. ते बशीकडे पाहत राहिले.

ताई उठली आणि मागच्या अंगणात गेली. परत आली तेव्हा तिचा आवाज बारीक होता. "मामा पहाटेच निघून गेले. दुसऱ्या गाडीची वाट पाहायला कशाला थांबू, म्हणाले मालकिणीला. त्यांचा फोनही लागत नाहीये."

मालकिणीने खिडकीतून नव्या कोऱ्या बाटलीकडे बोट दाखवले. तडा गेलेल्या बाटलीच्या जागी गाडीवाल्याने जाण्यापूर्वी कोपऱ्यावरच्या दुकानदाराला उठवून ती विकत घेतली होती आणि डॉक्टरीणबाईंच्या सायकलीला लावून ठेवली होती. पाण्याने भरून.

ताईने कचेरीला सगळे कळवले. पुढच्या सहलीला त्याला बोलावू, असे तिकडून उत्तर आले. पण ही सहल त्याच्या हातून गेली ती गेलीच. आणि खिंडीसाठी राखलेला दिवसही गेला होता, आता खिंड सोडून दुसऱ्या रस्त्याने खाली उतरायचे होते.

त्या दिवशी व्याही पुढे निघून गेले आणि दिवसभर पुढेच राहिले. दुपारी मुलीचा फोन आला. बातमी विहीणबाईंमार्फत पोचली होती.

"बाबा, एक गोष्ट सांगितली होती तुम्हाला."

"हो."

"एकच."

"हो बाळ."

मग "ऊन फार असेल, टोपी घाला," म्हणून तिने फोन ठेवला.

शेवटच्या दिवशी रस्ता सपाट झाला. दोन्ही बाजूंना कापलेल्या गवताचे भारे होते. कधी नव्हे ते व्याही मागे पडले आणि काकांच्या बरोबरीने चालवू लागले. मग रस्त्यावरची नजर न काढता व्याह्यांनी विचारले, "गाठी कशा होऊ देत नाही तुम्ही?"

"आधी साखरेत कालवतो," काका म्हणाले.

"पिठीसाखरेत?"

"पिठीसाखरेत."

"हं," व्याही म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "मी जेवताना जे बोललो ते..." आणि वाक्य तसेच सोडून त्यांनी घंटी वाजवली. पुढे कोणीही नव्हते.

काका सोमवारी कामावर हजर झाले. पहिल्या बादलीत त्यांनी कोपर बुडवले आणि तापमान बरोबर आहे की नाही ते त्यांना पटकन कळेना. त्यांनी पुन्हा बुडवून पाहिले.

गाडीवाला पुढच्या सहलीला आला नाही. त्याने दुसरीकडे काम धरले, असे ताई म्हणते, कुठे ते तिला माहीत नाही. काका दोनदा कचेरीत जाऊन आले. बाटलीचे एकशे चाळीस त्याला अजून द्यायचे आहेत.